पातळ लॅपटॉप आणि ज्वारीची कोठी

१० जानेवारी, शनिवार
सकाळी माझ्या बबननं त्याच्या पोरीचा, ऋतुजाचा काँप्युटर जिन्यावरून खाली फेकला. मी अंगणात तोंड धूत होतो. लोखंडी डबा एकेक पायरी आपटत आला आणि माझ्या पायाशी फुटला. वीतभर अलीकडं उभा असतो तर नडगी गेली असती. वर बबन ओरडत होता. हेडफोन कानाला लावून परक्या माणसांशी बोलती, माझ्या घरात हे चालणार नाय, वगैरे. मग सुमनला मारल्याचा आवाज. सून हू की चू करत नाही, त्यामुळं नुसता मारच ऐकू येतो. आवाजावरून मला कळतं, हात का पट्टा. आज पट्टा.

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत त्यानं सुपरवायझरच्या तोंडात मारली, तेव्हापासून घरी आहे. तिथं एकदा मारलं तर त्यांनी काढून टाकलं. इथं रोज मारतो, इथून कोण काढणार. घर त्याच्या नावावर मीच केलं.

बी.पी.ची गोळी दोनदा घेतली गेली का, आठवत नाही.

११ जानेवारी, रविवार
नातीनं फुटका डबा माझ्या खोलीत आणून उघडला. आत सगळा चुरा. मधून एक लांब, विटेएवढं जड कार्ड काढलं. त्याला दोन पंखे. फडक्यानं पुसून मैत्रिणीच्या भावाकडं नेलं, लावून बघितलं. संध्याकाळी आली ती पळतच.

म्हणाली, "आप्पा, बाकी सगळं मेलं. ग्राफिक्स कार्ड जित्तं हाय."

एरवी ती शहरातलं बोलते. आनंद झाला की आमच्या गावचं, पिशोरचं बोलते.

तिचं म्हणणं असं. आता मोठा काँप्युटर नको. एक पातळ लॅपटॉप घ्यायचा, पिशवीत मावेल असा. कार्ड मात्र बाहेर, वेगळ्या डब्यात ठेवायचं. एका वायरीनं दोन्ही जोडले की झाला मोठा काँप्युटर. वायर काढली की लॅपटॉप खांद्याला, कायम तिच्याबरोबर. डबा माझ्या खोलीत, माझ्या नजरेखाली.

मी विचारलं, आतच कार्ड असलेला एकच का नाही घेत. म्हणाली, तो फुटला की सगळंच फुटतं. हे मला पटलं. सगळं बियाणं एका वावरात टाकू नये.

ती न बांधलेल्या फ्लॅटांचा सिनेमा बनवते. गिऱ्हाईक खुर्चीत बसून घरभर फिरतं. पुण्याच्या एका ऑफिसनं एक फ्लॅट करायला दिलाय, महिनाअखेर द्यायचा. आवडला तर नोकरी. तिथंच राहून.

किती दिवस राहशील, विचारलं. म्हणाली, "नोकरी आहे आप्पा, पाहुणी थोडीच जातेय."

रात्री जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
सुमनचा जबडा सुजलाय. तिळगूळ चावता येईना म्हणून नुसता चोखला.

दुपारी बबन पाया पडायला आला, नवा सदरा घालून. तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला. वाकला तेव्हा टाळूवरचे विरळ केस दिसले. मी डोक्यावर हात ठेवला. त्याच डोक्यात मुसळ घालावं असं मनात आलं. एवढं स्वच्छ आलं की फुटलेल्या कवटीचा आवाजसुद्धा ऐकू आला. हात तसाच ठेवला. सुखी राहा म्हणालो.

१७ जानेवारी, शनिवार
कार्ड ठेवायचा डबा आला. शेजारच्या पवारबाईंच्या पत्त्यावर मागवला होता. बाई बोलत राहतात, त्याची धास्ती आहे. डबा काळा, जाळीचा, शिवणाच्या मशीनच्या पेटीएवढा. त्याला स्वतःची वेगळी लाइट लागते. कार्ड आत चपखल बसलं.

लॅपटॉप कोणताही चालत नाही. त्याला एका विशिष्ट जातीचं पोर्ट पाहिजे, विजेसारख्या बाणाची खूण असलेलं. बाहेरून सगळी पोर्टं सारखीच दिसतात म्हणे. मी म्हणालो, मग डबा बरोबर घेऊन जाऊ. बैल घेताना आधी औताला जुंपून बघतात. बांधलेला बैल सगळाच देखणा असतो. वडिलांनी एकदा न जुंपता घेतला, त्यानं पहिल्याच तासाला माझ्या चुलत्याचं पोट फाडलं.

ऋतुजा हसली. पण पटलं तिला.

१८ जानेवारी, रविवार
औरंगपुऱ्यात काँप्युटरच्या दुकानांत गेलो. डबा धोतरात गाठोडं बांधून माझ्या मांडीवर, रिक्षात.

पहिल्या दुकानात पोरगा भला जाडजूड लॅपटॉप दाखवू लागला. उलटा केला की पाठीत जाळ्याच जाळ्या. म्हणाला, "चाचा, अंदरही कार्ड है, बाहरका डब्बा कायकू उठाते?" ऋतुजानं उचलून बघितला आणि ठेवून दिला. रोज खांद्यावर हे वागवायचं नाही, आणि पळायचं झालं तर पळता येणार नाही, असं म्हणाली. दुकानदाराला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. आम्ही दोघं हसलो नाही.

दुसऱ्या दुकानात पातळ मिळाला. खूण विजेचीच होती. मी गाठोडं सोडलं, डबा काउंटरवर मांडला, जोडा म्हणालो. डब्यातला पंखा एकदा फिरला. लॅपटॉपला मात्र कार्ड दिसेचना. चाचा हो जाएगा, ड्रायव्हर डालना पडता, घर लेके जाओ, असं दुकानदाराचं चाललं होतं. ऋतुजानं खाली वाकून पाहिलं. ती वीज नुसती चार्जिंगची होती.

मला बरं वाटलं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं. मिळालाच नाही तर जाणार कशी.

बाहेर आलो तर रस्त्यात दोन रिक्षावाल्यांची जुंपलेली. एकानं जॅकचा दांडा काढला आणि दुसऱ्याच्या तोंडावर घातला. तो खाली बसला, हातात स्वतःचे दात घेऊन बघत राहिला. लोक मोबाइल धरून उभे. ऋतुजा सरळ पुढं चालत राहिली, तिकडं पाहिलंसुद्धा नाही. आमच्या घरातल्या पोरीला अशा वेळी कुठं बघायचं नाही ते येतं. घरी आल्यावर गाठोड्यावर रक्ताचा थेंब दिसला. धोतर भिजत घातलं.

२० जानेवारी, मंगळवार
लॅपटॉप घेतला.

दोन होते. एक अगदी पाटीसारखा, पण मेमरी कमी. आणि ती आतच डाखलेली, पुढं वाढवता येत नाही. दुसरा बोटभर जाड, वजन थोडं जास्त, मेमरी दुप्पट. ऋतुजा बराच वेळ दोन्ही हातांत दोन्ही धरून उभी होती. मग जाडवाला घेतला. सगळ्यात पातळ नको आप्पा, म्हणाली, लवकर तापतं आणि लवकर थकतं.

जुंपून बघितला. एकच वायर. पंखे फिरले, पडद्यावर कार्डाचं नाव आलं. त्याच वायरीनं लॅपटॉप चार्जही होतो. म्हणजे डबा त्याला पाजतो आणि कामही करतो. दुकानदार म्हणाला, आजोबा, असं गाठोडं घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं.

वायर काढायची कशी तेही तिनं दाखवलं. आधी पडद्यावर सांगायचं, मग ओढायची. घाईत ओढली तर काम जातं.

मी विचारलं, घाईतच ओढावी लागली तर?

तिनं वायर गुंडाळून पिशवीत टाकली.

२२ जानेवारी, गुरुवार
बबन बाहेर असला की ऋतुजा माझ्या खोलीत काम करते. डबा कोठीमागं. ही ज्वारीची कोठी पिशोरच्या लोहारानं जाड पत्र्याची केलेली, कमरेइतकी उंच. झाकणाची कड पात्यासारखी, दर वर्षी कोणाचं ना कोणाचं बोट कापते. आता अर्धी रिकामी आहे. नवी ज्वारी यायला अवकाश.

आज तिनं तो फ्लॅट दाखवला. दार उघडून आत गेलो. पडदे हलतात. काचेचं टेबल, त्यावर काचेचा पेला. मी सगळं घर पाहिलं, कुठं पोचा नाही, तडा नाही. भिंतीला डोक्याच्या उंचीवर तेलकट डागसुद्धा नाही. माणूस एकही नाही. माणसं टाकायची का, विचारलं तिनं. मी नको म्हणालो.

जिन्यात पाय वाजला की मी कान देतो. पावलावरून ओळखतो. जड पडतं तेव्हा प्यालेला. हलकं पडतं तेव्हा जास्त वाईट.

२७ जानेवारी, मंगळवार
सावकाश लिहितो.

दुपारी ऋतुजा लॅपटॉप घेऊन मैत्रिणीकडं गेली होती. पुण्याच्या साहेबाशी बोलणं होतं. डबा माझ्याकडं, चालूच. तासाभरात परत येणार होती.

पवारबाईंनी फाटकात बबनला गाठून पेढे मागितले. पोरगी नवा लॅपटॉप घेऊन पुण्याला चालली म्हणे. बाईचा हेतू वाईट नव्हता. मी खिडकीतून ऐकलं.

तो वर गेला. सुमनचं डोकं भिंतीवर आदळलं. तीनदा की चारदा. नवीन लॅपटॉप कुठंय, विचारत होता आणि मारत होता. उत्तर द्यायला उसंत देत नव्हता.

मला काही सुचेना. डबा उचलला आणि कोठीत टाकला. दोन्ही हातांनी ज्वारी ओढून वर लोटली. झाकण लावलं. तेवढ्यात तो खाली आलाच. हातात पट्टा, पट्ट्याचं बक्कल बाहेरच्या बाजूला.

माझी गादी उलटी केली. देवांचं फडताळ पाडलं. मग थांबला. बटण बंद करायचं राहिलं होतं माझ्याकडून. वायर बोर्डातून निघून सरळ झाकणाखाली गेलेली. आणि आतून आवाज. पंख्यात दाणे सापडत होते. कोठी दात खात होती.

म्हणाला, "आप्पा, कोठीला लाइट कधीपासून लागाया लागली?"

हसला होता. हे मला विसरता येणार नाही. लहानपणी हसायचा तसंच.

त्यानं एका हातानं झाकण उचललं, वाकला, उजवा हात ज्वारीत घातला. डब्याला हात लागला तेव्हा त्याच्या तोंडावर कळलं. मी झाकण ढकललं. आणि वर बसलो. मारलं नाही मी. बसलो. सगळ्या अंगानिशी.

ओला बांबू मोडावा तसं वाजलं. तो ओरडला. मी उठलो नाही. डाव्या हातानं त्यानं माझ्या बरगडीत, कानावर, तोंडावर मारलं. मी कड धरून बसलो. पत्र्यावरून रक्त खाली आलं तरी बसलो. सुमन जिन्यावरून आली, कपाळ फुटलेलं, आणि तिनं मला काखेत धरून उठवलं.

"मामा, उठा आता. झालं."

२९ जानेवारी, गुरुवार
तीन बोटं मोडली, तळव्याचं हाड चिरलं. टाके घालून मनगटाच्या वरपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टरनं विचारलं कशानं. बबन म्हणाला, कोठीचं झाकण पडलं. डॉक्टरनं माझ्या कानाकडं बघितलं, सुमनच्या कपाळाकडं बघितलं. हिच्यावर काय पडलं, विचारलं. सुमननं पदर कपाळावर ओढला. त्यानं तिलाही टाके घातले.

ऋतुजा म्हणाली पोलिसात जाऊ. सुमन नाही म्हणाली. तो सुटून येईल तेव्हा तू पुण्यात असशील, इथं मीच असेन, असं तिनं शांतपणे सांगितलं. पोरगी रडली.

रिक्षात बबन माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही उठाल."

मी बाहेर बघत राहिलो.

३० जानेवारी, शुक्रवार
डबा ज्वारीतून काढला. पंख्यात दाणे, भुसा, कडुनिंबाचा पाला. कीड लागू नये म्हणून कोठीत पाला मीच घालतो. एका पंख्याचं पातं तुटलंय. ऋतुजा हेअरपिनेनं एकेक दाणा काढत बसली. उद्या सिनेमा द्यायचा.

बबन दारात येऊन उभा राहिला, हात गळ्यात बांधलेला. सुमन भिंतीकडं सरकली. मी कोठीला पाठ लावली. तो नुसता बघत होता. शेवटी म्हणाला, "पिनेनं नाय निघणार. सायकलच्या पंपानं फुका. पण पंखा बोटानं दाबून धरा, नायतर गरगर फिरून जळंल." आणि गेला.

पंपानं निघालं. का सांगितलं त्यानं, हे मला कळत नाही. कंपनीत मशीनवर होता, ती सवय असेल. का दुसरं काही. त्या दुसऱ्या कारणावर विश्वास ठेवायची भीती वाटते.

एका पंख्यावर कार्ड चालतंय. तापतंय म्हणून ऋतुजानं समोर आमचा टेबलफॅन लावला.

३१ जानेवारी, शनिवार
सिनेमा पाठवला. शेवटी तिनं त्यात एक माणूस टाकलाच. खिडकीशी खुर्चीत बसलेला म्हातारा, पाठमोरा. गिऱ्हाइकाला घराची उंची कळावी म्हणून लागतो, म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
नोकरी लागली. सुमननं साखर वाटली ती आम्हा तिघांतच, वाटी पदराखाली धरून. बबनला मी सांगितलं. तो पलंगावर पडून छताकडं बघत होता. "जाऊ द्या," म्हणाला. जाऊ द्या म्हणजे काय, याचा विचार करून डोकं दुखलं. त्याचा एक हात चालत नाही. चालत असता तर काय म्हणाला असता?

८ फेब्रुवारी, रविवार
गेली. लॅपटॉप पाठीच्या पिशवीत, बाकी एक बॅग. डबा नेला नाही. ऑफिसात मोठी मशीनं आहेत, आणि खोलीत तिघी जणी, जागा नाही म्हणे. नोकरीबाहेरची कामं घेतलीत, ती शनिवारी इथं येऊन करीन म्हणाली.

बसस्टँडवर म्हणाली, "डबा इथंच राहू द्या आप्पा. त्या निमित्तानं येणं होतं."

मला सुख झालं. परत येताना रिक्षावाल्याला मी आपणहून सांगत होतो, नात दर शनिवारी येणार आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
आली. दिवसभर माझ्या खोलीत डबा घूं घूं करत होता. मी बसून पाहिलं. या वेळी बंगला होता, झाडं, पाण्याचं कारंजं. बबन दुपारी आला, दारातून पाहिलं. डाव्या हातानं चहा पिताना त्याच्या अंगावर सांडला. ऋतुजानं उठून पुसला. मी पुसणाऱ्या हाताकडं बघत होतो, तो कधी धरला जाईल याची वाट बघत.

धरला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
काल आली, आज गेली. ती गेल्यावर सुमन माझ्या खोलीत आली. खाली बसली. कपाळावर टाक्यांचा व्रण, भुवईपर्यंत. या बाईनं आजपर्यंत माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"मामा, तो डबा पाठवून द्या."

मी म्हणालो, तिला तिकडं जागा नाही.

"जागा व्हईल. दोन तारखेला त्यांचं प्लॅस्टर निघणार. डबा इथं हाय तवर ती येत राहणार. मी फोनवर बोलंन तिच्याशी. यायची गरज नाय."

तुझी लेक तुला दिसायची नाही, म्हणालो. ती उठली आणि पदर सारखा केला.

"दिसती तेवढी पुरं. जित्ती राहू द्या."

बरोबर बोलते. मला माहीत आहे बरोबर बोलते. उद्या पाठवतो म्हणालो.

२५ फेब्रुवारी, बुधवार
पाठवला नाही. सोमवारी कंबर धरली होती. काल ट्रॅव्हल्सचं ऑफिस बंद असेल असं वाटलं. आज काही कारण नाही.

बबन आज अंगणात बसून प्लॅस्टरबाहेर आलेली बोटं हलवत होता. उघडमीट, उघडमीट. मला बघून म्हणाला, "चांगली हलतात, आप्पा." आनंदानं सांगितलं की बजावलं? तो पहिल्यासारखा बोलतो, चार दिवस पीत नाही, सुमनला हाक मारतो. मार ऐकून ऐकून मलाच सवय झाली असेल, चांगलं दिसलं की आधी त्याच्या पाठीमागं बघायची.

कोठीचं झाकण काढून ठेवावं का? नको. राहू द्यावं.

१ मार्च, रविवार
काल ऋतुजा आली नाही, ऑफिसात काम निघालं. उद्या सकाळी प्लॅस्टर काढायला जायचं. बबननं मलाच बरोबर यायला सांगितलंय. सुमनला नाही, मला.

सकाळी चालत ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, संध्याकाळच्या गाडीला दिलं तर सकाळी पुण्यात. परत आलो. त्याच धोतरात डबा बांधला, पंख्याच्या बाजूला उशी लावली, वायर वेगळी गुंडाळली. चार गाठी मारल्या. रक्ताचा डाग अजून पुसट दिसतो, तो आतल्या बाजूला घेतला. गाठोडं कोठीवर ठेवलंय. सुमन दोनदा येऊन बघून गेली.

गाडी साडेसहाची. आता पाच वाजून गेले असतील.

मघाशी ऋतुजाचा फोन आला होता. म्हणाली, आप्पा, पुढच्या शनिवारी नक्की येते, मोठं काम आहे, डबा पुसून ठेवा.

मी बरं म्हणालो.